डाव्या उतारावरची घोरपड

घोरपड पुन्हा एकदा निर्दोष ठरली आणि शर्वरी इंगवलेचं डोकं फिरलं.

तंबूतल्या पडद्यावर गाडीचा तोल दाखवणारी हिरवी रेघ सरळ पसरली होती. मधे ना उंचवटा, ना खाच. त्याच उतारावरून शर्वरी आत्ताच खाली आली होती, दातांत अजून लाल माती कचकचत होती, आणि उताराच्या मध्यावर गाडी आपल्याशी भांडली हे ती कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगायला तयार होती. रेघ म्हणत होती, काहीच झालं नाही.

"भांडली म्हणजे नेमकं काय केलं?" मंदार टिपणीसांनी विचारलं. गाडीतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचे ते प्रमुख इंजिनिअर. पुण्याचे, स्वभावानं गरीब. आवाज चढवणं त्यांना जमतच नसे, त्यामुळे त्यांच्यावर धड चिडायचीही सोय नव्हती.

"नेमकं सांगता आलं असतं तर मीच इंजिनिअर झालो नसतो?" शर्वरी म्हणाली. कोल्हापूरच्या बऱ्याच बायकांसारखी तीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. टिपणीसांना सुरुवातीला गंमत वाटली होती, मग कानाला सवय झाली. "डावीकडं कललेला उतार. खाली जांभा, वर बारीक खडी. वेगात आलं की पुढचं चाक घसरतं. घसरू दे, तिथं घसरायलाच पाहिजे. पण त्याच वेळी गाडी मधे काहीतरी करते. मला न विचारता."

"रेघेत काही दिसत नाही हो."

"मग रेघ आंधळी आहे."

तिनं हातमोजे टेबलावर आपटले. टिपणीसांनी ते उचलून नीट एकावर एक ठेवले, आणि तिला आणखीनच राग आला.

अश्मक मोटर्स या कंपनीत एक जुनी पद्धत होती. चाचणीचा चालक फेरी मारून आला की हेल्मेट न काढता, पाणीसुद्धा न पिता, गाडीशेजारी उभा राहून गाडी कशी वाटली ते सांगायचा. त्याला 'गरम जबाब' म्हणायचे. तो नोंदवून होईपर्यंत कुणी आलेखाकडे बघायचं नाही, कुणी मधे बोलायचं नाही. आधी माणसाचं अंग काय म्हणतं ते ऐकायचं, मग यंत्राचं. शर्वरीनं कंपनीच्या कितीतरी गाड्या अशा गरम जबाबावर नापास केल्या होत्या, आणि नंतर उघडून बघितल्यावर प्रत्येक वेळी काही ना काही निघालं होतं. पण घोरपड आली आणि ही पद्धत बंद पडली. गाडी स्वतःच सगळं टिपते म्हटल्यावर माणसाला कशाला विचारायचं, असं वरच्यांचं म्हणणं. टिपणीस अजून तिचा जबाब घेत होते ते केवळ भिडेखातर, हे तिला कळत होतं.

आता ही घोरपड काय चीज होती ते सांगायला हवं. डोंगरदऱ्यांतून, दगडधोंड्यांतून चालवायची विजेवरची मोटरसायकल. तशा गाड्या बाजारात पुष्कळ होत्या. हिच्यात नवीन होती ती 'सोबत'.

आपण हात हलवायचा ठरवतो तेव्हा स्नायू आखडण्याच्या जरा आधी त्यात विजेची एक क्षीण लहर उठते. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ, पण यंत्राला तेवढा पुरतो. घोरपडीच्या मुठींमध्ये, पाय ठेवायच्या दांड्यांमध्ये आणि गुडघे टेकतात त्या गाद्यांमध्ये ही लहर ओळखणारे संवेदक बसवले होते. चालक काय करणार हे गाडीला तो करायच्या आधी कळायचं. शिवाय बॅटरीखाली एक जड चक्र प्रचंड वेगानं फिरत असायचं. फिरता भोवरा जसा सहजासहजी कलत नाही तसंच हे चक्र, आणि त्याचा आस मुद्दाम वळवला की ते गाडीला हव्या त्या बाजूला ढकलायचं. म्हणजे गाडी नुसती चालकाचं ऐकत नव्हती, त्याला खांदा देत होती.

आणि ती शिकत होती. चालक कुठे कचरतो, कुठे वजन टाकतो, घसरल्यावर काय करतो, हे सगळं साठवून ती त्याची सवय उचलायची. त्या साठवलेल्या सवयीला टिपणीसांनी 'ठसा' असं नाव दिलं होतं. ठशाची नक्कल दुसऱ्या गाडीत घालता यायची. घोरपडीच्या प्रत्येक गाडीत जाणार होता तो ठसा शर्वरीचा होता. दीड वर्ष ती भुदरगडच्या बाजूच्या सड्यावर, त्या जांभ्या दगडाच्या उघड्याबोडक्या पठारावर, गाडीला आपलं अंग शिकवत होती. उद्या कुणीही हौशी माणूस शोरूममधून घोरपड घेईल आणि शर्वरी इंगवलेसारखी चालवेल, अशी जाहिरात तयार होती. शर्वरीला त्याचा अभिमान वाटायचा. निदान त्या डाव्या उतारापर्यंत तरी वाटायचा.

*

"आक्का, तू बाहेरच्या पायावर वजन लई देतीस," विशा म्हणाला.

कागलच्या कारखान्यामागे कंपनीचा सरावाचा मार्ग होता. तिथं तो गाडीवर पाय सोडून ऐटीत बसला होता. विश्वजीत, तिचा धाकटा भाऊ. कारखान्यात गाड्यांच्या जोडणीवर होता आणि दर वर्षी चाचणी-चालकाच्या निवडीला बसून दर वर्षी गळत होता. शर्वरीनं त्याला शिकवायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. जीव तोडून मेहनत करायचा, पण वळणावर नेमका क्षणभर उशीर व्हायचा. मग सहा महिन्यांपूर्वी तो तिचा ठसा घातलेल्या घोरपडीवर बसला आणि उशीर व्हायचा थांबला. पहिल्याच खेपेला निवड झाली. आता तो मातीचे उंचवटे असे ओलांडायचा की बघणाऱ्याला वाटावं, शर्वरीच चालली आहे.

वाटणारच की, असं तिच्या मनात आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून ती गप्प बसली होती. इतक्या वर्षांत तो असा हसला नव्हता.

"माझं वजन मी बघतो," ती म्हणाली. "तुझं काय चाललंय?"

"तुला कळलं न्हाई व्हय? रविवारी सड्यावर पाहुण्यांसमोर घोरपड मी उतरवणार. कामत मॅडमनी सकाळी सांगितलं. डाव्या उतारावरनं, फुल्ल वेगात."

"तू सड्यावर कधी चालवलीस?"

"परवा दोनदा उतरलो की. लोण्यागत आली गाडी."

"सावकाश उतरला असशील."

"पहिल्यांदा सावकाशच उतरणार, त्यात काय?"

सावकाश उतरलं तर पुढचं चाक घसरतच नव्हतं. चाक घसरलं नाही तर गाडी भांडणारही नव्हती. हे तिनं त्याला सांगून बघितलं. त्यानं लहान मुलाचं ऐकावं तसं ऐकून घेतलं आणि तिच्या खांद्यावर थोपटलं.

ती तशीच लीना कामतांकडे गेली. घोरपडीचा सगळा प्रकल्प त्यांच्या हातात होता. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला.

"शर्वरी, मी तुलाच उभं करणार होते," त्या म्हणाल्या. "पण तू उतरलीस तर लोक म्हणतील, ती शर्वरी इंगवले, ती सायकलवरूनही उतरेल. मला साधा माणूस हवा होता. ज्याला हे जमत नाही असा. विश्वजीतच्या जुन्या निवडीचे निकाल पडद्यावर दाखवायचे आणि मग त्याला वरून सोडायचा. सोबतची कमाल एका मिनिटात कळेल."

"हे त्याला माहीत आहे?"

"कशाला सांगायचं? खुश आहे तो."

"मॅडम, त्या उतारावर गाडीत दोष आहे."

"कुठे दिसतो?"

चहा न पिताच ती उठली.

*

पुढचे दिवस तिनं एकच उद्योग केला. दोष बाहेर काढायचा. सकाळी ऊन वर यायच्या आत सड्यावर जायचं, वेगात उतरायचं, चाक घसरवायचं. गाडी भांडायची, आणि रेघ सरळच राहायची. टिपणीस मान हलवायचे. पुन्हा वर.

मग तिला वाटलं, आपण फार चांगलं चालवतोय. जरा वाईट चालवून बघू.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. ती ठरवून चुकीच्या जागी वळायची आणि ऐन वेळी अंग आपोआप सावरायचं. ब्रेक उशिरा दाबायचा म्हणून बोट आवरून धरायची, तर कंबर आधीच मागे सरकलेली असायची. वर्षानुवर्षं पडू नये म्हणून घडवलेलं शरीर आता पडायला म्हणून तयार होईना. उन्हात उभी राहून ती स्वतःलाच शिव्या घालत होती. एवढी मोठी चालक, आणि साधं धडपडता येत नाही. सुतकी चेहरा करून ती खडीवर बसली आणि डावा गुडघा चोळायला लागली.

"लागलंय का?" टिपणीसांनी विचारलं.

"नाही. उगाच ठणकतो. तीन-चार महिने झाले, संध्याकाळी ठणकतोच."

"उजवा?"

"उजव्याला काय धाड भरली आहे?"

टिपणीस तिच्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग तंबूत जाऊन त्यांनी तिचे जुने आलेख काढले. गाडी एकूण किती कलली त्याचे नव्हे, तर गुडघ्याच्या गादीवर किती दाब पडला त्याचे. ते आलेख कुणी कधी बघत नसे, कारण शेवटी गाडी सरळ राहिली की काम झालं. सुरुवातीच्या महिन्यांत डाव्या गादीवरचा दाब नावापुरता होता. मग तो वाढत गेला होता. गाडीच्या चक्राचा जोरही तसाच वाढत गेला होता, बरोबर उलट्या बाजूला.

"शर्वरी," ते बाहेर येऊन म्हणाले, "हा गुडघा बांधून उतराल का? म्हणजे आत दाबताच येणार नाही असा?"

गुडघ्याला दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून त्यांनी तो ताठ बांधला. ती वरून निघाली, चाक घसरलं, आणि घोरपडीनं तिला उचलून डावीकडे फेकलं.

कोपर सोलून निघालं, खांदा दगडावर आदळला, तोंडात माती गेली. टिपणीस धावत आले तेव्हा ती उताणी पडून हसत होती. "दिसलं?" ती ओरडली. "आता दिसलं का तुमच्या आंधळीला?"

हिरव्या रेघेला मधोमध एक डोंगर आला होता.

टिपणीसांनी तिचं कोपर धुता धुता समजावलं. "जिन्यावरून कपाट उतरवताना बघितलंय ना? वरचा माणूस चुकून जरा डावीकडे रेटतो. खालचा ते सावरायला उजवीकडे रेटतो. वरच्याला वाटतं जोर कमी पडतोय, तो आणखी रेटतो. खालचाही वाढवतो. कपाट मात्र मधोमध. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर चाललंय. इथंही तेच झालं. चाक घसरल्यावर तुम्ही हात सैल सोडता, तुमच्या कलेचा तो भाग आहे. गाडीला वाटलं तोल जातोय, तिनं चक्रानं ढकललं. तुमच्या गुडघ्यानं तुमच्याही नकळत ते मोडून काढलं. गाडी शिकली की इथं गुडघा येतो, म्हणून तिनं जोर वाढवला. तुम्हीही वाढवला. दोघी एकमेकींना शिकवत गेलात, आणि दोष दोघींच्या मधे दडून बसला."

शर्वरीचं हसू मावळलं. दुसरं कुणी, बेताचं चालवणारं असतं, तर पहिल्याच महिन्यात पडलं असतं आणि दोष तेव्हाच निघाला असता. ती पडली नाही. कधीच पडत नाही म्हणून तिची ख्याती होती, आणि त्या ख्यातीनंच घात केला होता. तिला स्वतःच्या अंगाचाच संताप आला.

"म्हणजे रविवारी विशा उतरेल तेव्हा..."

"गाडी तुमच्या गुडघ्याची वाट बघेल," टिपणीस म्हणाले. "तो येणार नाही."

*

पुरावा हातात आला की गोष्ट संपते असं तिला वाटलं होतं. कामत मॅडमनी पूर्ण आलेख बघितला, टिपणीसांचं सगळं ऐकलं, आणि गाडीनं स्वतः केलेली नोंद वाचून दाखवली. अपेक्षित दाब आला नाही. कारण, चालकाची त्रुटी.

"तू गुडघा बांधून चालवलीस, शर्वरी. कुठला ग्राहक गुडघा बांधून चालवतो?"

"ग्राहकाला गुडघा दाबायचा असतो हेच माहीत नसणार. विशालाही नाही."

"मंदार, ठसा दुरुस्त करायला किती वेळ?"

"पुन्हा शिकवावा लागेल. दोन-तीन महिने. वेगवेगळ्या चालकांकडून."

"मग रविवारनंतर शिकवा. दिल्लीची, बंगळूरची माणसं निघालीत. आणि त्या दिवशी विश्वजीत दोनदा उतरला, काही झालं नाही. दुरुस्ती करायची नाही असं मी म्हणतच नाही. पण कार्यक्रम होईल."

शर्वरीनं दार इतक्या जोरात लावलं की बाहेरच्या टेबलावरचा माणूस दचकून उभा राहिला. त्यानं कामत मॅडमवर काही परिणाम झाला नाही, तिच्या खांद्यातून मात्र कळ गेली.

आता उरला विशा. त्यानंच नाही म्हटलं तर कुणी त्याला जबरदस्तीनं चढवणार नव्हतं.

संध्याकाळी ती घराच्या पायरीवर गुडघ्याला बर्फ लावून बसली होती. विशा आला तो पाठीवर स्वतःचं नाव छापलेली नवी जर्सी घालून. तिनं सगळं सांगितलं, कपाटासकट. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा आवळत गेला.

"झालं तुझं?" तो म्हणाला.

"विशा, ह्यो हट्टाचा विषय न्हाई. हाडं मोडतील. तिथं डावीकडं काय हाय बघितलंस न्हवं? सरळ दरड हाय."

"आक्का, इतकी वर्सं तूच म्हणायचीस, विशा, तुझ्यात हाय, जरा दम धर. धरला. आता जमालंय तर तुलाच बघवंना."

"जमत असतं तर मी गावभर पेढे वाटले असते."

"म्हंजे?"

"सोबत बंद करून उतर. हँडलखाली बटन हाय, दाब आणि उतर. मग मी काय बी बोलणार न्हाई."

त्यानं जर्सीची कड मुठीत धरली, आणि तिथंच तिनं थांबायला हवं होतं. पण आठवडाभराचा वैताग जिभेवर येऊन बसला होता.

"तुला का निवडलं ठाऊक हाय? तुला येत न्हाई म्हणून. तू नापास झालेले सगळे निकाल पाहुण्यांना पडद्यावर दाखवणार हायत. बघा, असला माणूससुद्धा उतरला. तू काय चालक म्हणून न्हाईस तिथं, विशा. जाहिरातीतला ढ मुलगा म्हणून हाईस."

बोलून गेली आणि जीभ चावावीशी वाटली. विशाचे डोळे भरून आले, पण पाणी खाली पडू द्यायला तो काही तयार नव्हता. त्यानं मान खाली घातली. समोर तिचा गुडघा होता. बर्फाची पिशवी घसरली होती आणि आतल्या बाजूची कातडी काळीनिळी दिसत होती, गादी टेकते तिथं, बरोबर गादीच्या आकाराची.

तो बराच वेळ ते बघत होता. मग त्यानं नकळत स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, आतल्या बाजूनं अंगठ्यानं दाबून बघितलं. सहा महिने तो तीच गाडी, तीच सवय घेऊन चालवत होता. तिथं साधा ओरखडा नव्हता.

"दुखतंय का?" त्यानं विचारलं.

"व्हय."

तो उठला आणि जिना चढून वर गेला. शर्वरी अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिली. तो पुन्हा खाली आला नाही, आणि वर जाऊन त्याची माफी मागायचं धैर्य तिला झालं नाही.

*

रविवारी सड्यावर मांडव पडला होता. पाहुणे टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन रांगेत बसले होते. मोठ्या पडद्यावर विशाचे जुने निकाल आले, अमुक साली नापास, तमुक साली नापास, आणि लोक मोकळेपणानं हसले. शर्वरी टिपणीसांच्या टेबलाशेजारी उभी होती. सकाळपासून विशा तिच्याशी बोलला नव्हता. तिनं दोनदा त्याच्या दिशेनं पावलं टाकली होती, दोन्ही वेळा तो हेल्मेट चढवून वळला होता. दरडीच्या बाजूला गवताच्या पेंढ्या रचाव्यात म्हणून ती भांडली होती. फोटो खराब होतात म्हणून त्या अर्ध्याच लावल्या होत्या.

विशा वर दिसला. उताराच्या तोंडाशी लहानसा, लाल. घोरपडीच्या पुढच्या भागात सोबत चालू असल्याचा निळा दिवा लुकलुकत होता. त्यानं एकदा खाली बघितलं, मग हँडलखाली हात घातला.

निळा दिवा विझला.

टिपणीसांच्या पडद्यावर एक कोरी चौकट आली. त्यांनी शर्वरीकडे बघितलं.

"काय झालं?" कामत मॅडम लगबगीनं आल्या.

"त्यानं सोबत बंद केली," टिपणीस म्हणाले.

"इथून चालू करा."

"इथून होत नाही," ते म्हणाले, आणि लॅपटॉप मिटला. होत होतं, हे शर्वरीला पक्कं माहीत होतं.

विशा निघाला. आणि देवा, काय चालवली त्यानं. सुरुवातीलाच मागचा ब्रेक दाबून धरला. वजन सगळं पुढं. शर्वरीची टाच बुटात आपोआप दबत होती, कंबर मागे जात होती, "सोड, सोड, मूठ सोड की रे," ती पुटपुटत होती. तिच्या अंगातलं सगळं ज्ञान तिथं उभ्या जागी वाया जात होतं. मध्यावर पुढचं चाक घसरलं. त्याला क्षणभर उशीर झाला, नेहमीसारखाच. त्यानं पाय टाकला तोही चुकीच्या बाजूला, आणि गाडीसकट आडवा झाला.

पण आडवाच झाला. फेकला गेला नाही. दरड पुष्कळ लांब राहिली.

लोक उठून उभे राहिले. विशानं गाडीखालून पाय ओढून काढला, गाडी उभी केली, दोन्ही पाय जमिनीवर टेकत, म्हैस पाण्याला न्यावी तशी ती उरलेल्या उतारावरून हळूहळू खाली आणली. कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि आजूबाजूला कुणी वाजवत नाही हे बघून थांबवल्या. शर्वरीला रडू येत होतं आणि त्या ब्रेकबद्दल त्याला झोडपावंसंही वाटत होतं.

कामत मॅडम मात्र कामत मॅडम होत्या. त्यांनी माईक हातात घेतला आणि हसून म्हणाल्या, "मित्रहो, हे तुम्ही मुद्दाम सोबतशिवाय बघितलंत. आता तीच गाडी, तोच उतार, सोबतसह." माईकवर हात ठेवून त्या शर्वरीकडे वळल्या. "जा. एकच फेरी. सगळं सावरेल. पुढच्या गाड्यांमध्येही तुझाच ठसा राहील, माझा शब्द."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. हेल्मेट शेजारीच होतं. ती उतरली असती तर लोण्यासारखी उतरली असती. गुडघा आपोआप दाबला गेला असता, रेघ सरळ आली असती, त्या हसणाऱ्या लोकांची तोंडं बंद झाली असती. आठवडाभर गिळलेल्या अपमानांची भरपाई दीड मिनिटात झाली असती. तिचे हात त्यासाठी शिवशिवत होते. आणि उद्यापासून ती गाडी गावोगाव अशा माणसांकडे गेली असती, ज्यांचा गुडघा येणार नव्हता.

विशा गाडी ढकलत तिच्यासमोर येऊन थांबला. हेल्मेटची काच वर केली. घामानं आणि मातीनं चेहरा ओळखू येत नव्हता. रुसवा अजून होता, डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. पण सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं तिला चालवण्याबद्दल काहीतरी विचारलं.

"आक्का, चाक सुटलं तिथं पाय कुठं टाकायचा हुता?"

"पाय टाकायचाच न्हाई तिथं," ती म्हणाली. "किती वेळा सांगितलंय तुला. आणि तो ब्रेक कशाला दाबून धरला हुतास?"

"भ्या वाटलं."

"मला पण वाटलं," ती म्हणाली. मग कामत मॅडमकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी ही गाडी उतरवणार नाही. डाव्या उतारावर ती माणसाला फेकते. माझ्याकडून ती नापास आहे."

मांडवात कुजबुज सुरू झाली. कामत मॅडमच्या हातातला माईक चालू होता की बंद, हे त्यांनाही कळत नव्हतं.

"चल वर," शर्वरी विशाला म्हणाली. "दाखवतो तुला."

"गाडी घिऊ?"

"ऱ्हाऊ दे. आधी चालत."

ती लंगडत उतार चढायला लागली. विशा गाडी स्टँडवर लावून मागून धावत आला आणि तिच्या डाव्या बाजूनं चालू लागला. खालून कामत मॅडम तिचं नाव घेऊन हाका मारत होत्या, आणि ती वाकून जांभ्यावरची खडी हातानं बाजूला सारत त्याला दाखवत होती, चाक कुठं सुटतं ते.